दर दिव्याला आपला जॉबर

आबा, रेझिस्टरला रेझिस्टर म्हणतात. जॉबर नाही म्हणत.

हे मी तुला एकदा सांगितलंय, लॅमिंग्टन रोडवरून आले त्या दिवशी, चपला पण न काढता, दारातूनच. आणि तू एवढा हसलास की तुला खोकला लागला आणि आई पाणी घेऊन धावली. तेव्हा मी चिडले होते. आता चिडून नाही सांगत. कुठून सुरुवात करायची ते कळत नाहीये, म्हणून इथून करतेय.

काल नाटक झालं. आज तुला जाऊन पंधरा दिवस. चाळीच्या ग्रुपवर सगळ्यांनी तुझ्याबद्दल लिहिलं, मनमिळाऊ, कष्टाळू, वगैरे. कोणीतरी तुझा तो मिशीवाला जुना फोटो टाकला, त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मी काहीच टाकलं नाही. मला तुझ्याबद्दल लिहायचंच नव्हतं, मला तुला लिहायचं होतं. दोन गोष्टी राहिल्यात. एक खोटं आणि एक वाक्य. दोन्ही माझी. सांगते, पण थोडी फिरून येते, डायरेक्ट नाही जमणार.

तू आईचा काका, म्हणजे माझा आजोबाच, पण आजोबा म्हटलं की तू मागे वळून बघायचास, कोणाला हाक मारतेय म्हणून. मी सहा वर्षांची असल्यापासून डिलाईल रोडच्या आपल्या गॅलरीत तुझ्या स्टुलाशेजारी फतकल मारून बसलेय. तुझ्या मांडीवर कोणाचा तरी मिक्सर उघडलेला, गणपतीच्या आधी मंडळांची दिव्यांची तोरणं खांद्यावर, मानेवर, कानावर सुद्धा. आणि माझ्या पुढ्यात तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा. "गो चेडवा, एक जॉबर दी." मी डब्यात बोट फिरवून ते दोन तारांचं, पोटावर रंगीत पट्टे असलेलं इवलंसं काढून द्यायचे. दिव्याच्या आधी जॉबर लावायचा, नाहीतर दिवा मरतो, हे मला बाराखडीच्या आधी माहीत होतं. दहावीला सरांनी "रोध" शिकवलं. मला वाटलं, रोध हे मराठी आणि जॉबर हे इंग्लिश. नंतर कॉमर्स घेतलं. तिथे कोण कशाला रेझिस्टरचं नाव काढतंय.

तर तलवार.

चाळीच्या पूजेला यावर्षी सायलीने स्वतः लिहिलेलं नाटक होतं. एक गाव समुद्रात बुडतं, आणि त्या गावातली एक मुलगी खाली जाऊन तळाशी पडलेली तलवार शोधते. ती तलवार दुसऱ्या कोणाच्या हातात नुसतं लोखंड, हिच्या हातात उजेड. मुलगी म्हणजे मी. तलवार मीच करणार असं सायलीला सांगून टाकलं, कारण मला वाटलं, तू आहेस ना.

पहिल्यांदा मी बटण सेल आणले, ते घड्याळातले, हलके म्हणून. तू एक तळहातावर घेतलास, वजन केल्यासारखा हात खालीवर केलास.

"ह्यो घड्याळाक बरो. तलवारीक नाय. एक दिवा लागतलो, बारा नाय."

मग मी चौकोनी बॅटरी आणली, नऊ व्होल्टची, मुठीत मस्त बसत होती. तू म्हणालास, ही पैलवानासारखी दिसते पण दम नाही हिच्यात, पहिल्या अंकातच बसेल. शेवटी आपण साधे पेन्सिल सेल घेतले, तीन, ओळीने. मूठ जाड झाली. मी कुरकुर केली की राजकन्येची तलवार आहे, मुसळ नाही. तू म्हणालास, समुद्रातून वर काढलीय ना, फुगली असेल.

रंगावरून तर दोन दिवस. मला बारा एलईडी दिव्यांपैकी टोकाचे तीन लाल हवे होते, बाकी निळे. तू नको पण म्हणाला नाहीस, फक्त म्हणालास, लाव, बघूया. मी सगळे एकत्र जोडून एकच जॉबर लावला. बटण दाबलं तर टोकाचे तीन लाल झगझगीत आणि निळे ठार काळे. मला वाटलं निळे खराब आले. तू चष्मा कपाळावर चढवून मजा बघत होतास.

"लाल उतावळो आसा. कमी होल्टात लागता. सगळा तोच पिऊन टाकता, निळ्याक कायच नाय."

मग सगळे निळे ठरले. काचेसारखे पारदर्शक नको, दुधी घे म्हणालास, पारदर्शक दिवा टॉर्चसारखा एकीकडेच मारतो, दुधी चौफेर सांडतो. ॲक्रिलिकच्या दोन पट्ट्यांमध्ये बटर पेपर घालायची आयडियापण तुझीच. त्याने दिव्यांचे ठिपके दिसत नाहीत, नुसतं धुकं दिसतं.

गुडघ्यांमुळे तू दुकानात आला नाहीस, चिठ्ठी दिलीस. तुझं ते एकाला एक टेकलेलं अक्षर. निळे दुधी बारा, अधिक एक बदली. जॉबर ६८ चे, वीस.

काउंटरवरच्या मुलाला मी एकदम कॉन्फिडन्सने सांगितलं, "अडुसष्टचे वीस जॉबर द्या."

"क्या दूँ?"

"जॉबर. अडुसष्ट ओहमचे."

"जॉबर कौनसी कंपनी है?"

मी त्याला समजावायला लागले, आबा. तोंडाने चित्र काढलं, दोन तारा असतात, मध्ये पोट, पोटावर पट्टे. मागे रांगेत दोघंतिघं हसायला लागले. तेवढ्यात आतून एक म्हातारे काका आले, मालक असावेत, कानावर पेन.

"रेझिस्टन्स दे रे तिला वीस." मग माझ्याकडे बघून, "पोरी, घरात मिलमध्ये कोण होतं?"

मी म्हटलं, आबा. साचाखात्यात. कापड विणायचे साचे असतात तिथे.

"कायम का बदली?"

मला माहीत नव्हतं. तुझ्याबरोबर एका खोलीत एकोणीस वर्षं राहून मला माहीत नव्हतं. मी नुसतेच खांदे उडवले आणि पाकीट घेऊन निघाले, आणि अख्ख्या रस्ताभर चिडत आले, की याने मला आयुष्यभर चुकीचा शब्द शिकवला. मग तो दारातला सीन. तू हसलास, खोकलास, पाणी प्यायलास. मी विचारलं, "ते काका विचारत होते, तू कायम होतास की बदली?"

तू ग्लास खाली ठेवलास. "बदली."

आणि मग सांगितलंस, तुकड्या-तुकड्यात, मध्येच सोल्डरची तार सरळ करत. बदली म्हणजे कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी. रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. जॉबर बाहेर येणार, आत किती साचे रिकामे आहेत ते बघून तेवढीच माणसं आत घेणार. बाकीच्यांनी घरी जायचं, उद्या परत यायचं. आत गेलास त्या दिवशी तू कामगार, नाही गेलास त्या दिवशी कोणीच नाही. अशी तीन वर्षं.

"मगे ह्यो काय वेगळा करता?" चिमटीत तो इवलासा रेझिस्टर धरून तू विचारलंस. "आत जेवढे व्हये तेवढेच सोडता. जास्ती गेले तर आतलो मरतलो."

"जॉबर वाईट होता का?"

"वायट कित्या? गेट सांभाळूचां काम होतां तेचां." तो रेझिस्टर परत पाकिटात टाकलास. मग, "पुढच्या महिन्यात तुका कायम करतंय, जॉबर म्हणालेलो."

"मग?"

"मगे संप."

एवढंच. त्यापुढे तू नाकाने गुणगुणायला लागलास, म्हणजे विषय बंद.

मला तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. मी आठवीत असताना तू मला क्लासला सोडायला यायचास, आणि तुझ्या मिलच्या गेटपाशी आलो की तुझी चाल आपोआप हळू व्हायची. गेट तेवढं जुनं ठेवलंय, आत सगळी काचेची बिल्डिंग, आकाश अंगावर घेऊन उभी. एकदा तू चक्क थांबलास, भिंतीला पाठ लावून, हात मागे. वॉचमन आला. "किससे मिलना है, चाचा?" तू एकदम सिरियस चेहऱ्याने म्हणालास, "जॉबर से." तो बिचारा रजिस्टर उघडून म्हणतो, "कौनसा फ्लोअर?" मी पोट धरून हसत होते, कारण माझ्या डोक्यात, आबा एका रेझिस्टरला भेटायला आलाय. तू पण हसलास. आता वाटतं, तू वेगळ्याच गोष्टीला हसत होतास. बरोबर त्याच जागी उभा राहायचास ना तू. भिंतीला पाठ लावून.

आता येते वाक्याकडे.

दिवे आले, जॉबर आले, पट्ट्या कापून झाल्या. तू म्हणालास, दर दिव्याला आपला आपला जॉबर. बारा दिवे, बारा जॉबर. मला संध्याकाळी प्रॅक्टिसला तलवार न्यायची होती, सायलीचे फोनवर फोन. मी म्हटलं, बारा जॉबर म्हणजे सोल्डरचे चोवीस टाके, कोण बसणार, मी सगळ्यांना मिळून एकच लावते, हिशोबाने, पाच-सहा ओहमचा, डब्यातला. सगळे दिवे निळेच तर आहेत आता. एकाच पाकिटातले.

"एकाच पाकिटातले म्हणान सारके होतत काय?" तू म्हणालास. "आमी सगळे एकाच गावचे होतों. सारके होतों काय?"

"आबा, प्रत्येक गोष्टीत मिल नको ना आणू."

"मी दिव्याचा सांगतंय. एक जरा नरम निघालो की सगळा तेच्यावर येतला. तो गेलो की दुसऱ्यावर. मगे तिसऱ्यावर. आमच्याकडे तसाच झाला. पैलां एक घर गावाक गेला, मगे..."

"तू तर साधा कायमपण नव्हतास. तुझा काय संबंध संपाशी?"

मी हे म्हटलं. फास्ट बोलते ना मी, आई म्हणते तसं, तोंड आधी, डोकं मागून. पण यावेळी डोकं मागून पण नाही आलं. मी म्हटलं आणि लगेच वायरचं टोक सोलायला लागले, जसं काही मी वेळ विचारली होती.

तू सोल्डरिंग आयर्नचं टोक ओल्या फडक्यावर पुसलंस, चर्र झालं, थोडी वाफ वर आली. तुझा चेहरा त्या वाफेच्या पलीकडे. मग, "बरां. तुझी तलवार."

आईने नंतर मला सांगितलं. म्हणजे तू गेल्यावर, दहाव्याच्या दिवशी, भांडी पुसता पुसता. बदलीवाल्यांना कोणी धरून ठेवलं नव्हतं. वाट बघायला त्यांना नोकरीच नव्हती ना. तुझ्याबरोबरचे कितीतरी लगेच दुसरीकडे लागले, गोदीत, कॉटन ग्रीनला गोडाऊनमध्ये. तू संपात राहिलास. आजी म्हणे विचारायची, भावोजी, तुमचं तिथे आहे काय? तू म्हणायचास, मी रोज त्याच गेटवर उभा राहायचो, आता बाकीचे सगळे बाहेर आलेत माझ्याबरोबर, मी कसा जाऊ. बस. मला तू हे कधीच सांगितलं नाहीस. विचारलं असतं तर सांगितलं असतंस का? मी विचारलंच नाही, मी टोमणा मारला. प्रश्नासारखा दिसणारा टोमणा.

हे झालं वाक्य. आता खोटं.

दोन दिवसांनी तलवार तयार झाली. एकाच जॉबरवर. तुझे वीस पाकिटातच, मी ते पाकीट माझ्या पुस्तकांच्या मागे सरकवलं होतं. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, खोलीत कुठेच काळोख मिळेना. तू म्हणालास, कपाटात बघूया. आठवतंय का? आईचं गोदरेजचं कपाट उघडून आपण दोघं आत डोकं घातलं, साड्यांमध्ये, पाठीमागून दार जेवढं ओढता येईल तेवढं ओढून. डांबरगोळ्यांचा वास. मी बटण दाबलं.

आबा, ते मी कसं सांगू. निळं झालं सगळं. आईच्या साड्या पाण्यातल्या शेवाळासारख्या लोंबत होत्या, जरीचे काठ माशांसारखे मध्येच चमकायचे आणि जायचे. तुझी पांढरी दाढी निळी, तुझ्या चष्म्यात दोन छोट्या तलवारी. आपण किती वेळ होतो तिथे? मला वाटतं खूप वेळ. बाहेर आई कुकरच्या शिट्ट्या मोजत होती आणि त्या कुठून तरी लांबून, पाण्याच्या वरून, बोटीच्या भोंग्यासारख्या येत होत्या. तू हळूच म्हणालास, "दर्याच झालो गो." कुजबुजत. देवळात बोलतात तसं.

मग तू हात पुढे केलास आणि मी तलवार तुझ्या हातात दिली. तू मूठ धरलीस. अंगठा एका जागी थांबला, बरोबर जिथे आत तो एकटा जॉबर होता.

"मूठ गरम लागता गो."

"माझ्या हाताने," मी म्हटलं. "मघापासून धरलीय ना मी."

"बारा लावलंस?"

"हो. बारा."

त्या निळ्या उजेडात तू माझ्याकडे बघितलंस. मला तुझे डोळे दिसले नाहीत, चष्म्यात नुसत्या तलवारी. "असात," तू म्हणालास. असेल. मग खिशातून काडेपेटी काढलीस, उघडून दाखवलीस, आत कापसावर तो तेरावा दिवा. "ह्यो बदली. नाटकात कमरेक ठेव."

तुला कळलं होतं का? तुझ्या अंगठ्याला कळलं असणार. चाळीस वर्षं तू बोटांनी बघत आलास. मोतीबिंदू झाल्यावर तर दिव्याच्या कडेला नख फिरवून सपाट बाजू शोधायचास, प्लस-मायनस सांगायचास, आणि कधीच चुकला नाहीस. हातातल्या उबेतली आणि जॉबरच्या तापातली गोष्ट तुला कळणार नाही असं होईल? पण तू म्हणालास, असात. त्यानंतर चार दिवसांनी चहा पिऊन गॅलरीत खुर्चीत बसलास आणि आईने हाक मारली तर ओ दिली नाहीस.

मी रडले वगैरे, ते राहू दे. मंडळवाले विचारायला आले की नाटक पुढच्या वर्षी करूया का. आई म्हणाली, "करा तुम्ही. आबाक आवडायचा नाय बंद केलेला." एवढं बोलून आत गेली आणि बराच वेळ मोरीत नळ सोडून उभी राहिली.

बाराव्यानंतर पहिली प्रॅक्टिस. हॉलच्या पडद्यामागे मी तलवार वर केली, बटण दाबलं. मस्त लागली. सायली म्हणाली वॉव. आणि मग मधला एक दिवा बाकीच्यांपेक्षा जरा जास्त उजळ झाला. मला वाटलं, भास. तो अजून उजळ झाला, एकदम पांढरा, आणि गेला. मग त्याच्या शेजारचा नाही, टोकाकडचा एक. उजळला, गेला. मग तिसरा. मूठ एवढी तापली की मला दुसऱ्या हातात घ्यावी लागली, आणि मी बटण बंद करायचं विसरून नुसती बघत राहिले. एकेक करून. पहिलं एक घर गावाला गेलं, मग. तू ते वाक्य पूर्ण करत होतास आणि मी मध्ये तोंड घातलं होतं. आता पूर्ण झालं.

सायली म्हणाली, "अगं, सेल संपले का?"

मी म्हटलं, "नाही. मी खोटं बोलले होते."

तिला काही कळलं नाही. कोणाला कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत लॅमिंग्टन रोड. कानावर पेनवाले काका स्वतः काउंटरवर. बघताच म्हणाले, "काय गं, जॉबर संपले?"

"जॉबर आहेत. दिवे पाहिजेत. निळे दुधी, बारा."

"आणि एक बदली ना? मागच्या वेळी चिठ्ठीत होतं."

"बदली आहे."

त्यांनी दिवे मोजले, पाकीट दुमडून पिन मारली. म्हणाले, "आबांना सांग, आमचा हा पोरगा पण आता जॉबरच म्हणतो. गिऱ्हाईकं वैतागतात." मी म्हटलं, सांगते. मला गेले म्हणायचं होतं, पण तोंडातून सांगते आलं, आणि आता बघ, सांगतेय.

मग मी तुझ्या स्टुलावर बसले. शेजारी नाही, स्टुलावर. पुस्तकांमागचं पाकीट काढलं. तुझ्यासाठी मी पट्टे वाचून दाखवायचे, तुला निळा आणि करडा वेगळा दिसायचा नाही शेवटी शेवटी. निळा, करडा, काळा म्हणजे अडुसष्ट. तू ते लक्षात राहावं म्हणून मला शिकवलं होतंस, दर्या, ढग, होडी. मी मोठ्याने म्हणत एकेक लावला. दर्या, ढग, होडी. टाका. लांब पाय प्लस. टाका. समोरच्या खोलीतल्या काकू दोनदा डोकावून गेल्या, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय असं वाटलं असेल त्यांना. चोवीस टाके, आबा. सातव्यानंतर मला एक लय सापडली, आणि मग मी तिथे नव्हतेच. दुपार होती, गॅलरीत कपडे वाळत होते, आणि मला खरंच असं दिसत होतं की पाण्याखाली तुझं साचाखातं आहे, सगळे साचे शेवाळलेले, आणि गेटबाहेर बारा माणसं भिंतीला पाठ लावून उभी आहेत. आणि जॉबर येतोय. पण एक नाही, बारा. प्रत्येकापुढे एकेक येऊन उभा राहतो आणि म्हणतो, चल, आत चल. मी टाका घातला की एक आत जायचा.

संपवून बटण दाबलं. उन्हात काहीच दिसलं नाही. कपाटात डोकं घालायची हिंमत नव्हती. मूठ धरून बसले, अंगठा त्याच जागी ठेवून, बराच वेळ. मूठ थंड होती.

आता कालचं. हॉल भरलेला, तुझी खुर्ची आईने पहिल्या रांगेत ठेवली होती आणि त्यावर स्वतःची पर्स, म्हणजे कोणी बसायला नको. मी समुद्रात उतरले, निळ्या साडीचा समुद्र दोन्ही बाजूंनी हलवत होते, तळाशी पोचले, तलवार उचलली, बटण. लोकांनी आ वासला. तुला खोटं नाही सांगत, आता नाहीच सांगणार. अख्ख्या हॉलने आ वासला. मग राक्षसाबरोबर लढाई, आणि त्याने जरा जास्तच जोरात मारलं, पट्टी थरथरली आणि मधला एक दिवा गेला. पाचवा.

मी तिथल्या तिथे थांबले. डायलॉग विसरले. मी वाट बघत होते, आता दुसरा उजळेल, मग तिसरा. राक्षस मला पुटपुटून सांगतोय, बोल, बोल पुढे. मी तलवारीकडेच बघतेय. आणि पहिल्या रांगेतून आईचा आवाज, तिला वाटलं हळू बोलतेय, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"एक गेलो. बाकीचे हत गो, बोल तू."

बाकीचे होते. अकराच्या अकरा, आपापल्या जागी, ना जास्त ना कमी. एकाचं दुसऱ्यावर काही आलं नाही. लोकांना वाटलं ते नाटकातच आहे, तलवारीला जखम झाली असं, टाळ्या वाजवल्या. मग मी बोलले. डायलॉग सायलीचाच होता, पण मी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलले.

तू बरोबर होतास. हे मला तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं, चिडवून घ्यायचं होतं तुझ्याकडून आठवडाभर. आणि संपाचं मी जे म्हटलं ते मी परत घेते. तुझा संबंध होता. कदाचित सगळ्यात जास्त तुझाच होता.

बदली कमरेला होती, तू सांगितलंस तशी, काडेपेटीत. काल लावायला वेळ नव्हता. आज सकाळी उठून तुझ्या स्टुलावर बसले, पाचवा काढला, त्या जागी तो तेरावा लावला. त्याच जॉबरवर, त्याचाच स्वतःचा. टाका घातला, फुंकर मारली, ओढून बघितलं, पक्का. आई चहा घेऊन आली, म्हणाली, परत काय करतेस, नाटक तर झालं. मी म्हटलं, एक काम राहिलं होतं.

मग आम्ही दोघींनी कपाटात डोकं घातलं. बारा लागले. आईला विचारलं, यातला नवा कुठला ते ओळख. तिने एकेक नीट बघितला, टोकापासून मुठीपर्यंत.

"सगळे सारखेच तर आहेत," ती म्हणाली.

काडेपेटी रिकामी आहे, आबा. बदली कायम झाला.